किमान वेतनात कुटुंब बसते का? शंभर वर्षांचा हिशेब

दरवर्षी १४ एप्रिलला आणि १ मेला आपल्या वस्त्यांमध्ये फलक लागतात. बाबासाहेबांनी कामगारांसाठी काय काय केले याची यादी त्यावर असते, आणि त्या यादीत 'किमान वेतन कायदा' हमखास असतो. त्याच फलकाखालून पहाटे डबा घेऊन कंत्राटी सफाई कामगार बाई कामावर जाते. तिच्या पगारात घरभाडे, रेशन, मुलांची फी आणि सासूची औषधे बसत नाहीत. हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण अशाच घरांतून आलो आहोत.

मग आपण स्वतःलाच एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या कायद्याचा आपण अभिमान बाळगतो, त्या कायद्याने ठरवलेल्या वेतनात एक कुटुंब जगते का? आणि जगत नसेल, तर चूक कुठे आहे? कायद्यात, अंमलबजावणीत, की हिशेब मांडणाऱ्यांच्या डोक्यात?

आमचे म्हणणे आम्ही सुरुवातीलाच सांगतो. कामगार कुटुंबाला जगायला किती लागते हे सरकारला माहीत नाही, ही सबब खोटी आहे. हा हिशेब १९२३ मध्ये झाला, १९५७ मध्ये झाला, १९९१ मध्ये न्यायालयाने तो दुरुस्त केला, २०१९ मध्ये सरकारच्याच समितीने तो पुन्हा मांडला. प्रत्येक वेळी आकडा समोर आला आणि प्रत्येक वेळी तो बाजूला सारला गेला. याचे कारण गणितात सापडत नाही. आपल्या माणसांचे कुटुंब हे पोसायचे कुटुंब नसून राबवून घ्यायचे कुटुंब आहे, या जुन्या समजुतीत ते सापडते. म्हणून या हिशेबाची सुरुवात गिरणीच्या फाटकापासून न करता गावाच्या वेशीपासून करावी लागते.

वतन: राबणार सगळे, मोबदला एकाचा

महारकीच्या वतनाला काही लोक आजही 'गावगाड्यातली सोय' म्हणतात. ही सोय कोणाची होती ते पाहू. सारा भरायला लोकांना बोलावून आणणे, सरकारी टपाल आणि खजिना पोहोचवणे, गावात आलेल्या अंमलदाराच्या सरबराईला हजर राहणे, सांगावे घेऊन पायपीट करणे, मेलेली गुरे ओढणे. कामाला वेळ नव्हती, दिवस-रात्र नव्हती. मोबदला म्हणून वतनाच्या जमिनीचा तुकडा आणि दारोदार फिरून मागायचे बलुते. ते द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यामागचा एक मुद्दा आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. वतनाची चाकरी एका माणसाच्या नावावर असे, पण बांधलेले असे सगळे घर. नावाचा माणूस हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी जुंपले जाई. बाप नसेल तर पोरगा, पुरुष नसेल तर बाई. म्हणजे राबायला पूर्ण कुटुंब, आणि मोबदला द्यायची वेळ आली की एकच माणूस, तोही पुरता नाही.

ते विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडले. कायद्याने वतन गेले. ते हिशेब मांडण्याची रीत मात्र गेली नाही. पुढचा सगळा इतिहास त्या रीतीचा आहे.

तुरुंगातला शिधा आणि गिरणीतला पगार

मुंबई सरकारने १९२१ मध्ये मजूर कार्यालय स्थापन केले. त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनी मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी करून १९२३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. कामगार काय कमावतो, काय खातो, भाडे किती देतो, कर्ज किती काढतो, याची नोंद त्यात होती. त्यातला एक निष्कर्ष प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. मुंबईचा कामगार खात असलेले धान्य दुष्काळ संहितेत ठरवलेल्या कमाल मापाइतके भरत होते, पण मुंबई इलाख्याच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा ते कमी होते.

हे कुण्या कामगार पुढाऱ्याचे भाषण नव्हते. सरकारच्याच अधिकाऱ्याने वजन-मापे करून लिहिलेले होते. आशियातल्या मोठ्या कापड केंद्रांपैकी एक असलेल्या शहरात, घाम गाळणाऱ्या माणसाच्या ताटात कैद्याच्या ताटापेक्षा कमी धान्य पडत होते, आणि सरकारला ते माहीत होते.

मालकांचे उत्तर ठरलेले असे. कामगाराला गावाकडे शेती आहे, बायको-मुले तिकडे राहतात, तेव्हा इथे त्याच्या एकट्याच्या पोटापुरते दिले की पुरे. कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतकरी जातींतल्या कामगारांनासुद्धा हे उत्तर पुरते लागू नव्हते. आपल्या लोकांना तर मुळीच नव्हते. ज्यांच्याकडे होता तो वतनाचा तुकडा, तोही चाकरीला बांधलेला, त्यांना गावाकडून कसला आधार? उलट गावातून सुटका व्हावी म्हणून ते शहरात आले होते.

शहरात आल्यावर जात गिरणीत आडवी आली. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. धोट्यात नवी कांडी घालताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण. आपल्या कामगारांना कमी पगाराच्या कताई खात्यात ठेवले गेले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले ते हेच: तुमच्या मागण्यांत हा अन्याय दूर करण्याची मागणी का नाही? एका यंत्राशेजारी उभे राहणाऱ्या दोन कामगारांच्या वेतनात जात फरक करते, हे ज्या चळवळीला दिसत नाही, ती सगळ्या कामगारांची चळवळ कशी?

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. हे वाक्य आपण नेहमी सांगतो. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतला जो तपशील दिला तो मात्र कमी सांगतो. आपला माणूस गँगमन म्हणून वर्षानुवर्षे खपतो. पोर्टरचे काम त्याला मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तर घरकामालाही वापरतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. मुकादमीही त्याला मिळत नाही. म्हणजे वेतन किती मिळणार हे कौशल्यावर नव्हे, जन्मावर ठरत होते. वेतनाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न असे दोन वेगळे प्रश्न कधी नव्हतेच.

कायदा कोणी केला? नेमके काय घडले

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदा त्यांच्या काळात सुरू झाल्या. कामगारांची खरी स्थिती तपासण्यासाठी १९४४ मध्ये रेगे समिती नेमली गेली. आणि ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले.

इथे आपण प्रामाणिक असले पाहिजे. 'बाबासाहेबांनी किमान वेतन कायदा केला' हे वाक्य पूर्ण नाही. विधेयक मांडले त्यांनी. पण त्याच वर्षी त्यांनी ते खाते सोडले. सप्टेंबर १९४६ मध्ये हंगामी सरकार आले आणि मजूर खाते जगजीवन राम यांच्याकडे गेले. कायदा लागू झाला १५ मार्च १९४८ रोजी. आपण हे नेमके सांगितले तर बाबासाहेबांचे मोठेपण कमी होत नाही. उलट कायदा हातात घेऊन त्यात काय आहे आणि काय नाही, हे तपासायची सवय लागते.

काय होते? कायद्याच्या परिशिष्टातले उद्योग वाचा. बिडी आणि तंबाखू, चामडे कमावणे, दगड फोडणे, रस्ते आणि इमारतींची बांधकामे, भात आणि पिठाच्या गिरण्या, स्थानिक स्वराज्य संस्थांमधली कामे, आणि दुसऱ्या भागात शेती. ही यादी म्हणजे जणू आपल्या वस्त्यांची शिरगणती. जिथे संघटना नाही, मालकाशी घासाघीस करायची ताकद नाही, तिथे राज्याने मध्ये पडले पाहिजे, हा त्यामागचा विचार. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या शिबिरात तो स्पष्ट मांडला होता. कराराचे स्वातंत्र्य नावाची गोष्ट बलवानाला दुबळ्याची फसवणूक करायची मोकळीक देते, आणि आर्थिक विषमतेकडे डोळेझाक करणारी संसदीय लोकशाही टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आणि काय नव्हते? किमान वेतन म्हणजे काय, याची व्याख्याच कायद्यात नव्हती. वेतन ठरवायची समिती कशी नेमायची ते होते, दर किती वर्षांनी आढावा घ्यायचा ते होते. पण ते वेतन कोणाला पुरले पाहिजे? एका माणसाला की कुटुंबाला? कुटुंबात किती माणसे? त्यांनी काय खायचे, कुठे राहायचे? यावर कायदा गप्प होता. शेतीसाठी वेतन ठरवायची मुदत तर पुढे पुन्हा पुन्हा वाढवून घेतली गेली. देशातला सगळ्यात मोठा कष्टकरी वर्ग, ज्यात आपले लोक सगळ्यात जास्त, तोच सगळ्यात शेवटी.

बाबासाहेबांना हा धोका दिसत होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी आर्थिक रचनाच संविधानात लिहावी, ती बदलत्या बहुमताच्या मर्जीवर सोडू नये, असा आग्रह धरला. उपाशी माणसाला नोकरी आणि हक्क यांत निवड करायला लावली तर तो हक्क सोडून देईल, हे त्यांनी तिथे लिहून ठेवले. तो मसुदा स्वीकारला गेला नाही. निर्वाह वेतनाला संविधानात जागा मिळाली ती अनुच्छेद ४३ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, जी न्यायालयातून थेट वसूल करता येत नाहीत.

१९५७: कुटुंब पहिल्यांदा मोजले गेले

कायद्यातली ही पोकळी १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत भरली गेली. सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्या संमतीने एक सूत्र ठरले. एका कमावत्या माणसामागे तीन एकके धरायची. एकक म्हणजे एका प्रौढ पुरुषाच्या खाण्याचे माप. पुरुष १, बायको ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, एकूण ३. डॉ. आयक्रॉइड यांच्या आहारमापानुसार प्रत्येक एककाला २,७०० कॅलरी. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक गृहयोजनेतल्या किमान घराइतके भाडे. इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के.

या सूत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आकड्यांची नाही. बायकोची आणि मुलांची कमाई हिशेबात धरायची नाही, ही ती ओळ. तिचा अर्थ नीट समजून घ्या. वतनात सगळे घर राबत होते आणि मोबदला एकाचा होता. या सूत्राने पहिल्यांदा उलटे सांगितले: एकाने राबावे आणि त्यात सगळे घर जगावे. पोराने शाळेत जावे, त्याच्या मजुरीवर घर चालू नये. कागदावर का होईना, वतनाची रीत मोडणारे हे वाक्य होते.

सूत्रात उणिवा होत्याच. म्हातारे आई-बाप कुठल्याच एककात नाहीत. बाई दिवसभर पाट्या उचलत असली तरी ती ०.८. शिक्षण नाही, दवाखाना नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट खटल्यात ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी किमान वेतनात आणखी २५ टक्के धरले पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले.

म्हणजे १९९१ पर्यंत देशाकडे सूत्र होते, न्यायालयाचा निकाल होता, आकडेवारी होती. मग वेतन त्याप्रमाणे का ठरले नाही?

एकच सूत्र, दोन निकाल

सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १ जानेवारी २०१६ पासून दरमहा १८,००० रुपये ठरवले. ते कशाच्या आधारे? १९५७ च्या याच सूत्राच्या आधारे. तीच तीन एकके, तोच आहार, तेच कापड. सरकारला आपल्या कर्मचाऱ्यासाठी हे सूत्र वापरता येते, हे यातून सिद्ध झाले. आम्हाला त्या कर्मचाऱ्याचा हेवा नाही. त्याला मिळाले ते योग्यच मिळाले.

आता दुसरी बाजू पाहा. केंद्राने देशभरासाठी जाहीर केलेले किमान वेतनाचे तळदर जून २०१७ मध्ये दिवसाला १७६ रुपये होते. महिन्याचे २६ दिवस धरले तर ४,५७६ रुपये. राज्यांचे दर वेगळे असतात आणि पुष्कळ ठिकाणी याहून जास्त असतात, हे खरे. पण याच्या खाली जाऊ नये असे केंद्र ज्याला म्हणते तो तळ हा. १८,००० आणि ४,५७६. एकाच देशात, एकाच बाजारात डाळ-तांदूळ घेणाऱ्या दोन कुटुंबांचे हे हिशेब. एका कुटुंबाला सूत्र लावले, दुसऱ्याला लावलेच नाही.

यावर टीका झाल्यावर केंद्राने अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. तिने २०१९ च्या सुरुवातीला अहवाल दिला. समितीने कॅलरी २,७०० वरून २,४०० वर आणल्या, म्हणजे हात आखडताच घेतला. कुटुंबाची एकके मात्र ३ ऐवजी ३.६ धरली. आकडा आला दिवसाला ३७५ रुपये, महिन्याला ९,७५०, तोही जुलै २०१८ च्या किमतींनी. शहरी कामगाराला घरभाडे वेगळे. सरकारने काय केले? जुलै २०१९ मध्ये १७६ चे १७८ केले. स्वतःच नेमलेल्या समितीच्या हिशेबाला दोन रुपयांचे उत्तर.

त्याच वर्षी वेतन संहिता मंजूर झाली आणि १९४८ चा कायदा तिच्यात विलीन करण्यात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला नियमांचा मसुदा आम्ही वाचला. त्यात कुटुंबाला वर्षाला ६६ मीटर कापड आहे. ७२ वारांचे मीटर केले की ६६ च होतात. त्रेसष्ट वर्षांत वाराचा मीटर झाला, पण गणवेश, स्वेटर, अंथरूण-पांघरूण यांची गरज काही बदलली नाही, असे मानायचे!

याहून गंभीर गोष्ट भाड्याची आहे. मसुद्यानुसार भाडे म्हणजे अन्न आणि कापड यांवरच्या खर्चाच्या १० टक्के. इंधन, वीज वगैरे वेतनाच्या २० टक्के. शिक्षण, औषधे वगैरे २५ टक्के. हे समीकरण कुणीही वहीवर सोडवून पाहावे. वेतनातले ४५ टक्के बाजूला गेले. उरलेल्या ५५ टक्क्यांत अन्न-कापडाचे ५० आणि भाड्याचे ५. म्हणजे वेतनाचा विसावा भाग हे घरभाडे. १४,००० रुपये वेतन धरले तर भाड्याला ७०० रुपये. गोवंडीत, पिंपरीत, नागपूरच्या इंदोऱ्यात ७०० रुपयांत खोली कोण देतो? १९५७ मध्ये निदान सरकारी घराचे भाडे धरले होते, म्हणजे सरकार घर देईल अशी अपेक्षा तरी त्यामागे होती. आता घरही नाही आणि भाड्याचा खरा आकडाही नाही.

वतन गेले, रीत राहिली

१९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरील मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे ठरलेली होती आणि त्यातला एक रुपया जमादार कापून घेत होता. न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला की किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे म्हणजे अनुच्छेद २३ ने मनाई केलेली वेठ आहे. भूक हीसुद्धा सक्तीच आहे, पाठीवर चाबूक असलाच पाहिजे असे नाही. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांबाबत न्यायालयाने सांगितले की मदतकार्य म्हणूनही किमान वेतनाहून कमी देता येणार नाही.

'वेठ' हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी तो भोगला आहे. आता त्या शब्दाच्या उजेडात आजचा महाराष्ट्र पाहा.

ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती दोन माणसे नाहीत, एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची ती कोयत्याच्या नावावर, मजुरी मिळते ती टनावर, खाडा झाला तर दंड. जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ झाली, आणि ती मिळवायला संघटनांना झगडावे लागले. पण मोजायची पद्धत तीच राहिली. मोळी वाहणारी बाई वेगळी कामगार म्हणून कुठे दिसत नाही. पोरे फडात, म्हातारी माणसे गावाकडे. ऊसतोड करणाऱ्या बीडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, त्यासाठी समिती नेमावी लागली. त्याची मुळेही याच हिशेबात आहेत. पाळीच्या दिवसांतसुद्धा खाडा परवडत नाही असे वेतन शरीर पोखरते.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याने शंभर दिवस दिले ते माणसाला नव्हेत, कुटुंबाला. २००९ मध्ये त्याची मजुरी किमान वेतन कायद्यापासून वेगळी करण्यात आली. महाराष्ट्रात २०२४-२५ साठी ती २९७ रुपये होती. शंभर दिवसांचे २९,७०० रुपये, तेही सगळ्या घराचे, सगळ्या वर्षाचे.

अंगणवाडी सेविका आणि आशा यांना 'वेतन' मिळतच नाही, 'मानधन' मिळते. शब्द मोठा सन्मानाचा. पण मानधन म्हटले की किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. बाई सेविका झाली की कामगार राहत नाही. बलुत्यालाही असेच मोठे शब्द होते: हक्क, मान, परंपरा.

आणि शहरातली सफाई? कायम सफाई कामगाराच्या हातातला झाडू आणि कंत्राटी कामगाराच्या हातातला झाडू एकच, रस्ता एकच, दुर्गंधी एकच. एकाला वेतन आयोग, दुसऱ्याला कंत्राटदाराची मर्जी. कायम पदे गेली की आरक्षण जाते, आणि कंत्राटात वेतनही जाते. झाडू मात्र त्याच जातींच्या हातात राहतो. कंत्राटीकरण हा फक्त कामगार संघटनांचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कंत्राटी सफाई कामगारांच्या हजेरीपटावरची आडनावे वाचावीत.

'एवढे वेतन दिले तर उद्योग बुडतील'

हा आक्षेप १९२३ मध्येही होता. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच क्राउन अॅल्युमिनियम खटल्यात दिले: कामगाराला पोटापुरते किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही. वीज महाग झाली म्हणून मालक अर्धे बिल भरत नाही, भाडे वाढले म्हणून गाळा फुकट मागत नाही. एकट्या मजुरीलाच 'परवडत नाही' हे कारण कसे लागू होते?

छोट्या शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे आणि आम्ही तो टाळत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला भाव मिळत नाही आणि तो स्वतःच कर्जात असतो. पण त्याच्यावर झालेल्या अन्यायाची भरपाई भूमिहीनाच्या ताटातून करायची, हा न्याय कुठला? शेतमालाला भाव आणि शेतमजुराला वेतन या दोन्ही मागण्या सरकारकडेच केल्या पाहिजेत. एकीला दुसरीच्या विरोधात उभे करणारा माणूस दोघांचाही मित्र नाही.

आता आपण काय करायचे

फलकावरची यादी राहू द्या. पण तिच्याखाली एक टेबल मांडा. आपल्या वस्तीतल्या वीस घरांचा महिन्याचा खर्च लिहून घ्या: धान्य, गॅस, भाडे, वीज, शाळा, दवाखाना, गावाकडे आई-बापाला पाठवलेले पैसे, कर्जाचा हप्ता. शिरास यांनी शंभर वर्षांपूर्वी जे काम केले, ते आपल्या शिकलेल्या मुला-मुलींना एका रविवारी करता येईल. मग त्या-त्या उद्योगाची, आपल्या परिमंडळाची किमान वेतनाची अधिसूचना काढा आणि शेजारी ठेवा. दोन फरक दिसतील. एक, अधिसूचनेतले वेतन आणि हातात पडणारे वेतन यांतला. दुसरा, अधिसूचनेतले वेतन आणि घराचा खर्च यांतला.

पहिला फरक कायद्याने वसूल करता येतो. त्यासाठी हजेरीचा पुरावा, पगारपत्रक, बँकेचे पासबुक जपून ठेवायला शिकवा. कमी दिलेले वेतन आणि त्यावर दहापटीपर्यंत भरपाई मागण्याची तरतूद जुन्या कायद्यात होती आणि वेतन संहितेतही आहे. कंत्राटदार पळून गेला तरी मुख्य मालकाची जबाबदारी संपत नाही.

दुसरा फरक न्यायालयातून नाही, राजकारणातून भरून काढावा लागेल. त्यासाठी मागण्या नेमक्या हव्यात. वेतनाचे सूत्र नियमांच्या मसुद्यात नको, कायद्यातच हवे. कुटुंबात म्हातारे आई-बाप धरले पाहिजेत. भाडे त्या शहराच्या खऱ्या भाड्यावर मोजले पाहिजे. कोयत्यातल्या दोन माणसांची दोन नावे, दोन हजेऱ्या, दोन मजुऱ्या झाल्या पाहिजेत. मानधन बंद होऊन वेतन सुरू झाले पाहिजे. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, त्यात आपले निळे झेंडेवालेही आले, आपण विचारले पाहिजे की वीस घरांचा हा कागद तुम्ही सभागृहात मांडणार का?

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये विधेयक मांडले तेव्हा त्यात कुटुंबाची जागा कोरी राहिली होती. ती भरायचे काम सरकारवर सोडून आपण ऐंशी वर्षे वाट पाहिली. वीस घरांचा तो कागद येत्या १४ एप्रिलच्या आत प्रत्येक वस्तीत तयार झाला पाहिजे.

जय भीम!